सलाईनचं चाक नातेवाईकांनी का फिरवायचं नाही? थेंबांचा, वजनाचा आणि जंतूंचा हिशोब

"सिस्टर, जरा फास्ट सोडा ना, साडेपाचची गाडी चुकंल." ग्रामीण रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात थोडा वेळ बसा, हे वाक्य एकदा तरी कानावर येतंच. सिस्टर नाही म्हणतात आणि दुसऱ्या पेशंटकडे वळतात. मग नातेवाईकांतला एखादा धीट माणूस उठतो, नळीवरचं छोटं चाक अंगठ्यानं वर सरकवतो आणि थेंबांची धार लागते. बाटली अर्ध्या-पाऊण तासात रिकामी. गाडी मिळते.

बहुतेक वेळा यातून काही वाईट होत नाही, आणि म्हणूनच ही सवय जात नाही. पण ज्या दिवशी त्याच खाटेवर हृदय कमकुवत असलेली आजी असते किंवा दहा किलोचं लेकरू असतं, त्या दिवशीही चाक तसंच फिरतं. पावसाळ्यात तापाचे, जुलाबाचे पेशंट वाढतात आणि घरोघरी कुणाला ना कुणाला सलाईन लागतं. त्या चाकामागे सिस्टर काय मोजत असतात, इंजेक्शनची मात्रा कशी काढतात आणि कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं, हे घरच्या माणसालाही थोडंफार माहीत असलं पाहिजे. सुरुवातीलाच एक सांगतो. खालची आकडेमोड घरी सलाईन लावण्यासाठी नाही. दवाखान्यात काय चाललंय ते समजावं आणि योग्य प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठीच ती दिली आहे.

बाटलीत असतं तरी काय?

"दोन बाटल्या चढवा डॉक्टर, अंगात ताकदच नाही," असं म्हणणारे खूप आहेत. तर आधी बाटली उघडून बघू.

आपण जिला साधी सलाईन म्हणतो, तिला दवाखान्यात 'एन.एस.' म्हणतात. तिच्यात पाणी आणि मीठ, बस्स. दर १०० मिलीमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. म्हणजे ५०० मिलीच्या अख्ख्या बाटलीत साडेचार ग्रॅम, चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही. मिठाचं हे प्रमाण रक्ताशी जुळतं, त्यामुळे रक्तातल्या पेशी फुगत नाहीत, आकसतही नाहीत. साधं पाणी शिरेत सोडलं तर पेशी फुगून फुटतील.

दुसरी 'डी-फाईव्ह', साखरेची. १०० मिलीला ५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम. त्यातून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरीच्या आतबाहेर. ज्वारीची एक बरी भाकरी याहून जास्त देते, आणि सोबत पिठलं असेल तर विचारायलाच नको. 'डी.एन.एस.' म्हणजे मीठ आणि साखर दोन्ही एकत्र. शुगरच्या पेशंटला न विचारता अशी बाटली लावली तर रक्तातली साखर चढते, म्हणून डायबेटीस असेल तर ते आधीच सांगायचं. चौथी 'आर.एल.', म्हणजे रिंगर लॅक्टेट. तिच्यात मिठाबरोबर थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट असतं. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला शिरेतून द्यायचं तर ही पहिली पसंती.

लालसर किंवा पिवळसर दिसणारी 'ताकदीची' सलाईन बऱ्याचदा बी-कॉम्प्लेक्ससारखं व्हिटॅमिन मिसळून रंगवलेली असते. गोळीतून मिळतं तेच व्हिटॅमिन. माणूस तोंडानं खात-पीत असेल, उलटी होत नसेल, तर या चारही बाटल्यांतलं सगळं त्याला ताटातून आणि तांब्यातून मिळतं. मग सलाईननंतर 'बरं वाटतं' ते कशामुळे? थोडं पाणी मिळतं, दोन तास आडवं पडायला मिळतं आणि कुणीतरी जवळ बसलेलं असतं.

सलाईनचा जन्म मात्र जीव वाचवायलाच झाला. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदरगावात कॉलऱ्याची साथ होती. तिथल्या थॉमस लाट्टा या डॉक्टरनं जुलाबांनी निळ्या पडलेल्या रोग्यांच्या शिरेत मीठ-पाणी सोडून बघितलं, आणि मरायला टेकलेली काही माणसं उठून बसली. अंगातलं पाणी खरोखर आटलेलं असतं तेव्हा सलाईनसारखं दुसरं काही नाही.

एका बाटलीत दहा हजार थेंब

आता चाकाकडे येऊ. मोठ्या माणसाला जो नेहमीचा सेट लावतात, त्यातून साधारण २० थेंब पडले की १ मिली पाणी जातं. काही सेटमध्ये १५ थेंबांना १ मिली होतो. कोणता सेट आहे ते त्याच्या पिशवीवर छापलेलं असतं. २० थेंबांचा सेट धरला तर ५०० मिलीच्या बाटलीत १०,००० थेंब झाले.

डॉक्टर केसपेपरवर लिहितात, "५०० मिली, ४ तासात." सिस्टरचा हिशोब असा: एकूण थेंब १०,०००, एकूण मिनिटं २४०. दहा हजाराला दोनशे चाळीसनं भागलं की येतात जवळपास ४२. म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. तीच बाटली ८ तासांत द्यायची असेल तर मिनिटाला २१. सूत्र एकच आहे: किती मिली द्यायचं, त्याला सेटचे थेंब यांनी गुणा, आणि किती मिनिटांत द्यायचं त्यानं भागा.

सिस्टर घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद थांबतात ना, तेव्हा त्या थेंब मोजत असतात. पंधरा सेकंदांत दहा-अकरा पडले की चारनं गुणून ४२ च्या आसपास येतात. मग चाक तिथंच सोडतात. गाडीसाठी तीच बाटली तासाभरात संपवायची म्हटलं तर मिनिटाला १६७ थेंब पडायला हवेत, सेकंदाला जवळजवळ तीन. ते थेंब मोजताच येत नाहीत, धारच दिसते. चार तासांचं पाणी हृदयाला एका तासात पंप करावं लागतं. तरण्या, धडधाकट माणसाचं हृदय ते करूनही टाकतं आणि किडनी लघवीतून पाणी बाहेर काढते. पण ज्याचं हृदय किंवा किडनी आधीच थकलेली आहे, त्याच्या फुप्फुसात पाणी साठायला लागतं. दम लागतो, आडवं झोपवत नाही, खोकल्यात फेस येतो. बाहेर लोक म्हणतात, "सलाईन सूट नाही झालं."

हात हलवला, कोपर वाकवलं, बाटलीची उंची बदलली की थेंबांचा वेग आपोआप बदलतो. म्हणून सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन बघतात. पेशंट बाथरूमला जाऊन आला की त्यांना सांगायचं, थेंब परत मोजावे लागतात.

एक भीती मात्र विनाकारण मोठी झाली आहे. बाटली संपली की हवा शिरेत जाऊन माणूस जातो, असं समजून लोक रात्रभर डोळ्याला डोळा लावत नाहीत. नुसत्या उंचीवर टांगलेल्या बाटलीतलं पाणी संपलं की प्रवाह थांबतो, कधी रक्त थोडं नळीत मागे येतं आणि सुईत गुठळी होऊन ती बंद पडते. नळीतल्या एखाददुसऱ्या बारीक बुडबुड्यानंही काही होत नाही. बाटली संपत आली की सिस्टरना हाक मारायची, एवढं पुरे.

लेकराचं वजन सांगा, वय नव्हे

साठ किलोच्या माणसाच्या अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्याच्यासाठी अर्धा लिटर सलाईन म्हणजे रक्ताच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढं पाणी. बारा किलोच्या पोराच्या अंगात एकूण रक्तच एक लिटरच्या जवळपास. त्याच्यासाठी तीच बाटली म्हणजे निम्मं रक्त. बाटली दिसायला सारखीच, पण दोघांच्या अंगात तिचा अर्थ वेगळा होतो.

म्हणून लहान मुलांना वेगळा सेट लावतात. त्यात ६० थेंबांना १ मिली होतो, थेंब अगदी बारीक. त्याच्यावर मधे एक उभी, आकडे छापलेली नळी असते, तिला बुरेट म्हणतात. तिच्यात एका वेळी मोजकंच पाणी भरतात, म्हणजे चुकून चाक उघडं राहिलं तरी अख्खी बाटली अंगात जात नाही. या सेटची गंमत अशी की तासाला जेवढे मिली, मिनिटाला तेवढेच थेंब. वेगळा भागाकार लागतच नाही.

मुलाला दिवसभराचं नेहमीचं पाणी शिरेतून द्यायचं असेल तर पहिल्या दहा किलोला तासाला किलोमागे ४ मिली आणि त्यापुढच्या दहा किलोला किलोमागे २ मिली असा ढोबळ नियम आहे. बारा किलोच्या मुलाला चाळीस अधिक चार, म्हणजे तासाला ४४ मिली. बारीक थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४४ थेंब. आता हेच ४४ थेंब कुणी मोठ्या माणसाच्या सेटवर लावले तर? तासाला १३२ मिली जाईल, बरोबर तिप्पट. आकडा तोच, सेट बदलला. नर्सिंगच्या परीक्षेत हे गणित हमखास येतं.

जुलाबांनी पार सुकलेल्या मुलाचा हिशोब आणखी वेगळा. डोळे खोल गेलेत, मूल निपचित आहे, पाणी प्यायचीही शुद्ध नाही, अशा वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार किलोमागे १०० मिली पाणी शिरेतून देतात. वर्षाच्या वरच्या मुलाला त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेलं ७० मिली पुढच्या अडीच तासांत. दहा किलोच्या मुलाला म्हणजे अर्ध्या तासात ३०० मिली. इथं वेगानं देणं हाच उपचार आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला तेवढंच पाणी, पण सहा तासांत. आणि मूल अतिकुपोषित असेल तर हा नियम लागूच होत नाही. त्याचं हृदय एवढा भार झेलू शकत नाही, त्याला शक्यतो तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं हळूहळू पाणी देतात आणि शिरेतून फक्त शॉकमध्ये, फार जपून. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, शेजारच्या खाटेवरच्या पोराला भराभर सोडलं आणि आमच्याला का नाही? कारण दोघांचे केसपेपर वेगळे आहेत.

म्हणून मूल घेऊन दवाखान्यात गेलात की "तीन वर्षांचा आहे" एवढ्यावर थांबू नका, वजन करायला सांगा. अंगणवाडीत वजन होतं, ते कार्डावर असतं. ते कार्ड सोबत न्या.

पॅरासिटामॉलची बाटली आणि इन्सुलिनची सुई

शिरेतल्या औषधाचं गणित दवाखान्यात होतं, पण दोन हिशोब असे आहेत जे घरातच चुकतात.

तापाचं पातळ औषध, पॅरासिटामॉल. मुलाला एका वेळी किलोमागे १५ मिलीग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम. मेडिकलमध्ये याच्या निदान तीन तऱ्हा मिळतात. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलीग्रॅम असतं, तिच्यातून ६ मिली द्यावं लागेल. दुसरीत ५ मिलीमध्ये २५०, तिच्यातून ३ मिली. तिसरी तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्सची छोटी बाटली, तिच्यात १ मिलीमध्येच १०० मिलीग्रॅम, तिच्यातून दीड मिली. "मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं" म्हणून ड्रॉप्समधून सहा मिली दिलं तर ६०० मिलीग्रॅम पोटात गेलं, चौपट. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरला मार बसतो आणि तो लगेच दिसत नाही. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आणि घरातल्या चमच्यानं मोजू नका, कुणाचा चमचा तीन मिलीचा तर कुणाचा सात मिलीचा. बाटलीबरोबर येणारं झाकण-माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरा.

सिस्टरही इंजेक्शन असंच काढतात: किती हवं, भागिले बाटलीत किती आहे, गुणिले किती पाण्यात आहे. डॉक्टरांनी बारा किलोच्या मुलाला सेफ्ट्रायॅक्झोन ६०० मिलीग्रॅम लिहिलं. १ ग्रॅमची, म्हणजे १००० मिलीग्रॅमची पावडर १० मिली पाण्यात विरघळवली, तर त्यातून ६ मिली काढायचं. उरलेलं ४ मिली बघून नातेवाईक म्हणतात, "पैसे दिलेत, सगळं द्या की." ते द्यायचं नसतं. हेच औषध आर.एल.च्या बाटलीत मिसळत नाहीत, कारण कॅल्शियमशी गाठ पडली की त्याचे खडे होतात. आणि पोटॅशियमचं इंजेक्शन तर थेट शिरेत कधीच देत नाहीत. ते बाटलीत नीट मिसळून, हळू, थेंबाथेंबानं जातं. एकदम गेलं तर हृदय थांबू शकतं. सलाईनमध्ये कधी असलं औषध मिसळलेलं असतं, नातेवाईकांना ते माहीत नसतं, आणि चाक फिरवताना आपण नुसतं मीठ-पाणी वाढवतोय असं त्यांना वाटत असतं.

दुसरा घरातला हिशोब इन्सुलिनचा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनातल्या कार्ट्रिजमध्ये मात्र १ मिलीत १०० युनिट असतात, आणि १०० युनिटची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडला म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. उलटं केलं, ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत घेतलं, तर ८ युनिटच जातात आणि साखर चढीच राहते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, एवढं बघायचं.

साप चावला तर वजन बघत नाहीत

आतापर्यंत सगळं वजनावर चाललं होतं. सर्पदंशाची लस मात्र लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला सारखीच देतात, आणि हे बघून आई-बाप घाबरतात. त्यामागचा हिशोब सरळ आहे. सापानं मूल बघून कमी विष सोडलेलं नसतं. लस पेशंटच्या वजनाला नव्हे, अंगात गेलेल्या विषाला निष्प्रभ करायला असते.

घोणस चावली की सरासरी साठेक मिलीग्रॅम विष सोडते. लसीची एक बाटली १० मिलीची, आणि १ मिली लस घोणशीचं ०.६ मिलीग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे दहा बाटल्या, १०० मिली, ६० मिलीग्रॅम. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीला आठ-दहा बाटल्या देतात त्या यासाठी. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात जाते आणि कुणाकुणाला तिची जोरदार रिॲक्शन येते, म्हणून सिस्टर खाटेजवळच थांबतात. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ यातल्या कुठल्याच गणितात बसत नाही.

विंचवाचं आणखी निराळं. लाल विंचू चावल्यावर माणूस गार पडतो, घामानं भिजतो, आणि "सलाईन लावा, सलाईन लावा" असा धोशा सुरू होतो. पण त्या विषानं हृदयावर ताण आलेला असतो आणि भराभर सलाईन दिल्यानं फुप्फुसात पाणी व्हायची भीती असते. कोकणात महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ब्लडप्रेशरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशात जीव वाचवते हे दाखवून दिलं, आणि त्यांचं काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एके काळी ज्यात कितीतरी लोक दगावत, तिथं आज प्राथमिक आरोग्य केंद्रातली गोळी वेळेत पोटात गेली तर माणूस चालत घरी येतो.

जंतू कोणता, त्यावर औषध

ताप आला की "अँटिबायोटिक सलाईनमधून द्या" हा हट्टही नेहमीचा. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं. डेंग्यू, चिकुनगुनिया, साधी सर्दी, फ्लू हे व्हायरसचे आजार, तिथं ते निरुपयोगी. मलेरियाचा जंतू या दोन्हींपेक्षा वेगळा, परजीवी, त्याचं औषध वेगळं. नायटा हा बुरशीचा.

बॅक्टेरियातही जाती आहेत. रिपोर्टवर 'ग्राम पॉझिटिव्ह', 'ग्राम निगेटिव्ह' असं लिहून येतं. हा ग्रामपंचायतीतला ग्राम नव्हे. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं १८८४ मध्ये जंतू रंगवायची पद्धत काढली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा तो धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. जांभळ्यांवर चालणारं औषध गुलाबींवर चालेलच असं नाही. म्हणून मोठ्या दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्त किंवा लघवी 'कल्चर'ला पाठवतात. जंतू वाढवून कोणत्या औषधानं तो मरतो ते बघतात, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. मेडिकलमधून आधीच दोन गोळ्या घेऊन गेलात तर कल्चरमध्ये जंतू सापडेलच असं नाही.

महागडं तेच भारी, असंही नसतं. याचं चांगलं उदाहरण स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात याची साथ आली होती. गवतात-झुडपात राहणाऱ्या बारीक चिगर किड्याच्या चाव्यातून हा जंतू अंगात येतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, ती दुखत नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. हा जंतू पेशींच्या आत लपून राहतो, त्यामुळे सेफ्ट्रायॅक्झोनसारखं नेहमीचं भारी इंजेक्शन त्याचं काही बिघडवत नाही. डॉक्सिसायक्लिनची साधी, स्वस्त गोळी बिघडवते. गवत कापणाऱ्या, गुरं राखणाऱ्या माणसाला पाच दिवस ताप असेल तर अंग नीट तपासा आणि खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. हीच गोळी लेप्टोवरही लवकर दिली तर चालते. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या भातखाचरातल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून लेप्टो येतो, कोकणात दर पावसाळ्यात त्याची धास्ती असते.

डेंग्यूत जंतू मारणारं औषध नाही, तिथं सगळं लक्ष पाण्याच्या हिशोबावर. ताप उतरल्यावर घरचे निर्धास्त होतात, आणि नेमकं तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळाठलेपण, ही धोक्याची खूण. या काळात सलाईन कमी पडलं तर शॉक, आणि दोन दिवसांनी तेच पाणी परत रक्तात येतं तेव्हा सलाईन चालूच ठेवलं तर दम. दवाखान्यात दर काही तासांनी रक्त काढून वेग बदलतात तो यासाठी. आणि डेंग्यूचा संशय असताना अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉलच.

सुई हीसुद्धा जंतूंची वाट

हातावर बसवतात त्या सुईला सगळे 'इंट्राकॅथ' म्हणतात. पिवळी तान्ह्या बाळाची, निळी लहान मुलांची किंवा बारीक शिरांची, गुलाबी मोठ्यांची, हिरवी त्याहून जाड. ती कातडी भेदून आत गेली की कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूला रक्तात उतरायला शिडी मिळाली. तिथं लाल झालं, गरम लागलं, शीर दोरीसारखी टणक झाली किंवा हात सुजला तर सिस्टरना दाखवा, सुई काढून दुसरीकडे बसवतात. "अजून एक दिवस चालेल, परत टोचू नका" असा आग्रह धरू नका. पट्टी ओली झाली तर बदलून मागा. सिस्टरनी हात धुतले नसतील तर नम्रपणे विचारायलाही हरकत नाही.

आणि सुई, सिरिंज, सेट प्रत्येक वेळी नवा, पाकीट तुमच्यासमोर फोडलेला. २००९ मध्ये गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे कावीळ ब ची साथ पसरली आणि कित्येकांचा जीव गेला. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही, तिन्ही या वाटेनं येतात. गावात मोटारसायकलवर येऊन घरी 'बाटली लावून देणाऱ्या'कडे थेंब मोजायला वेळ नसतो आणि रिॲक्शन आली तर हाताशी काही नसतं.

सलाईन चालू असताना थंडी वाजून अंग थरथरायला लागलं, अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, दम लागला, छातीत दडपलं, की लगेच हाक मारा. सिस्टर जवळपास नसतील तर चाक खाली सरकवून सलाईन थांबवा आणि कुणाला तरी पळवा. थांबवायला हात लावला तर चालतो, वाढवायला नाही. बाटली लावायच्या आधी विचारायचं ते एवढंच: यात कोणतं औषध आहे, किती तासांत जायचं आहे, आणि ते तोंडानं देता येईल का?

तोंडानं देता येतं तेव्हा त्याची ताकद कमी नसते. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते ड्रममध्ये भरलं आणि नातेवाईकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच आजचं ओआरएस, आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात एकदम मिसळायचं, अर्धं पाकीट अंदाजानं नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. सहा महिन्यांवरच्या मुलाला सोबत झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आईचं दूध चालू ठेवायचं. कालवलेलं ओआरएस २४ तासांनी उरलं तर ओतून द्यायचं आणि नवं पाकीट फोडायचं.